नवख्याच्या हाती काम देताना

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, की तेल्हाऱ्याच्या शिवारात पूर्वी तिफणी निघायच्या. तिफणीच्या तीन दात्यांच्या नळ्या वर एका चाड्यात येऊन मिळतात. पेरणारी बाई किंवा गडी बैलांच्या मागे चालत त्या चाड्यावर मूठ धरतो आणि बोटांच्या फटीतून दाणे सोडत जातो. मूठ सैल पडली की पेरा दाट, आवळली की विरळ. ज्वारीची मूठ वेगळी, तुरीची वेगळी. बैल मंदावले की हातानेही मंदावायला हवं. ज्याची मूठ बसली, त्याला पेरणीच्या दिवसांत एका वावरातून दुसऱ्या वावरात बोलावणं असायचं.

मूठ किती घट्ट धरायची, हे मात्र तोंडाने सांगता येत नसे. जाणत्या माणसाच्या बाजूने चालायचं, त्याच्या हाताकडे बघायचं, एखादं तास आपल्या हाती मागून घ्यायचं आणि आठवडाभराने उगवून आलेल्या ओळीत आपली चूक वाचायची, अशी ती शिकवणी होती. शिकवणाऱ्याचं कसब दोन गोष्टींत होतं: कोणतं तास नवख्याला द्यायचं, आणि दिल्यावर मध्ये हात घालायचा नाही.

आता पेरणी ट्रॅक्टरच्या यंत्राने होते. कामाच्या जागी माणूस कसा तयार होतो, हा प्रश्न मात्र तसाच उभा आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यात दरवर्षी कितीतरी नवी माणसं कामाला लागतात. जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली लागलेला मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालेली शिक्षिका, गावात नव्याने नेमलेली आशा सेविका, आयटीआय करून गॅरेजात आलेला पोरगा. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. सुरुवातीची मुदत सहा महिन्यांची होती. विद्यावेतनाचा आकडा शासन निर्णयात लिहिता येतो. त्या सहा महिन्यांत तरुणाला खरोखर काम येईल की तो झेरॉक्स काढून आणि पाणी आणून घरी जाईल, हे मात्र त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसावर ठरतं.

असा माणूस साहेबापेक्षा वेगळा असतो. साहेब काम करून घेतो आणि त्याचा हिशोब ठेवतो. प्रशिक्षक ठरलेला अभ्यासक्रम पुरा करतो. मार्गदर्शकाची नजर कामाइतकीच काम करणाऱ्यावर असते. अमेरिकेतल्या संशोधक कॅथी क्रॅम यांनी कंपन्यांमधल्या ज्येष्ठ-कनिष्ठ जोड्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मार्गदर्शकाच्या मदतीचे त्यांनी दोन भाग पाडले. एक भाग कामातल्या वाटचालीचा: काम समजावणं, कसाला लागेल असं काम देणं, योग्य माणसांपुढे नाव काढणं, अंगावर येणाऱ्या वारापासून वाचवणं. दुसरा भाग मनाचा: धीर देणं, माणूस म्हणून मान देणं, आपल्या वागण्यातून धडा घालून देणं. सगळं एकाच माणसात सापडणं दुर्मीळ. पण या सगळ्यांतून एक धागा जातो. चांगला मार्गदर्शक निर्णय घ्यायचं काम हळूहळू आपल्या हातून नवख्याच्या हाती सोपवत जातो. बाकीचे गुण त्यासाठी लागतात.

हुशार माणसाची अडचण

ज्याला काम उत्तम येतं तोच उत्तम शिकवेल, असं आपण धरून चालतो. अनुभव वेगळं सांगतो. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटाने वाजवायची आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं होतं की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, वाद्यं सगळं चालू होतं. समोरच्याच्या कानी नुसती टकटक पडत होती.

सरकारी कचेरीत हेच रोज घडतं. वीस वर्षं फेरफार पाहिलेल्या तलाठ्याला वारस नोंदीचा कागद हातात घेताक्षणी काहीतरी खटकतं. तो म्हणतो, ‘हे चालत नाही, पुन्हा आणा.’ शेजारी बसलेला प्रशिक्षणार्थी ते ऐकतो. त्याला एवढंच कळतं की चालत नाही. त्याच तलाठ्याने जरा थांबून सांगितलं, की जुन्या सातबारावर आजोबांचं नाव एक आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं, म्हणून दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा पुरावा लागेल, तर मुलाला नजर मिळाली. पुढचा कागद तो आधी स्वतः वाचेल. आपलं डोकं कसं चाललं ते मोठ्याने बोलून दाखवणं ही चांगल्या मार्गदर्शकाची पहिली सवय. वर्षानुवर्षांच्या सरावाने जे आपसूक होतं, त्याचे पुन्हा तुकडे करून दाखवावे लागतात. हे काम कष्टाचं आहे आणि त्यात काम करण्याइतकाच वेळ जातो.

वावरातली शाळा

वऱ्हाडात मार्गदर्शनाची सगळ्यांत चांगली रीत पाहायची असेल तर ती पराटीच्या वावरात दिसते, कृषी विभागाच्या शेतीशाळेत. तिचा उगम इंडोनेशियातला. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार माजवला होता. फवारण्यांनी तुडतुडे कमी झाले नव्हते, त्यांना खाणारे कोळी आणि इतर कीटक मात्र मेले होते. १९८६ साली सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांच्या वावरातच हंगामभर चालणाऱ्या शाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकऱ्यांचा गट ठरलेल्या दिवशी जमतो, लहान टोळ्या करून शेतात शिरतो, काही झाडं निवडून त्यांवरचे शत्रू आणि मित्र कीटक मोजतो, मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढतो, आणि मग आज काय करायचं यावर वाद घालतो.

या शाळेतल्या प्रशिक्षकाला एक कडक शिस्त शिकवलेली असते: उत्तर द्यायचं नाही. शेतकऱ्याने एखादा किडा पुढे करून ‘हा काय आहे?’ असं विचारलं, तर नाव सांगायचं नाही. तो कुठे सापडला, काय करत होता, त्याच्याजवळ आणखी काय होतं, असं उलट विचारायचं. नाव सांगून टाकलं की बघणं थांबतं. विचारत राहिलं की माणूस पुन्हा पानाखाली वाकून पाहतो.

२०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही जुमानलं नाही, तेव्हा अशा पाहणीची किंमत कळली. ही अळी बोंडात शिरते, आत जाण्याचं छिद्र बुजून जातं, आणि बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. आत शिरल्यावर फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. तिची चाहूल आधी लागते ती डोमकळीत, म्हणजे पाकळ्या न उमलता गुंडाळून राहिलेल्या फुलात, आणि कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांत. निरीक्षणासाठी हेक्टरी पाच सापळे, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग सापडले तर उपाय करायची वेळ आली, असा ठोकताळा शास्त्रज्ञांनी दिला आहे. ठोकताळा पाठ करायला दोन मिनिटं लागतात. भल्या सकाळी वावरात जाऊन डोमकळी ओळखायला मात्र कुणीतरी शेजारी उभं राहावं लागतं.

‘साहेब, कोन्तं औषद मारू?’ हा प्रश्न कृषी सहायकाला रस्त्यात, चहाच्या टपरीवर, फोनवर दिवसभर विचारला जातो. औषधाचं नाव सांगून सुटणं सोपं. ‘भाऊ, डोमकळ्या किती दिसल्या? सापळ्यात पतंग किती पडले? हिरवी बोंडं फोडून पाहिली का?’ असं विचारणारा सहायक त्या क्षणी कमी उपयोगाचा वाटतो. पुढच्या वर्षी तो शेतकरी आकडे घेऊनच येतो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी शेजाऱ्याला तेच प्रश्न विचारतो.

प्रश्न विचारून माणसाला जागं करण्याची ही रीत वऱ्हाडाच्या अंगवळणी पडलेली आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्या कीर्तनात ते लोकांना एकामागून एक सवाल करत आणि जवाब समोर बसलेल्या लोकांकडूनच काढून घेत. दिवसा हाताने काम करून दाखवायचं आणि रात्री प्रश्नाने विचाराला लावायचं, हे दोन्ही त्यांच्याकडे एका जागी होतं.

शेतीशाळेतून आणखी एक गोष्ट कळते. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून राज्याच्या १५ जिल्ह्यांत अशा शाळा भरवल्या गेल्या. प्रकल्पातल्या पाच हजारांहून अधिक गावांत पूर्णा खोऱ्यातली खारपाणपट्ट्याची नऊशेवर गावं होती. तेल्हारा तालुका या पट्ट्याच्या काठावर वसलेला आहे. उत्तरेला सातपुड्याकडे वान नदीचं गोडं पाणी, संत्रा, केळी, पानपिंपरीचे मळे; दक्षिणेला पूर्णेकडे उतरलं की विहिरीचं पाणी खारं, आणि ते पाणी दिलं तर काळी जमीन दगडासारखी आवळते. उत्तरेच्या बागायतदाराचा तीस वर्षांचा अनुभव दक्षिणेच्या कोरडवाहू शेतकऱ्याला जसाच्या तसा दिला तर नुकसानच होईल. कामाच्या जागीही मार्गदर्शकाने आपल्या काळातली, आपल्या जागेवरची युक्ती समोरच्याला लागू पडते का, हे आधी पाहायला हवं. ‘आम्ही असंच केलं’ हे वाक्य तिथे पुरत नाही.

कोणतं काम आधी द्यायचं

नवख्याला सुरुवातीला काय द्यावं? पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात जीन लेव्ह या मानवशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात शिंप्यांकडे शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तिथे कपड्याच्या कामाचा क्रम उलटा धरला जात होता. मुलं आधी बटणं लावणं, काठ दुमडणं अशी शेवटची कामं शिकत, मग शिवण, आणि सगळ्यांत शेवटी कापड बेतणं. त्यामागे शहाणपणाच्या दोन गोष्टी होत्या. बटण चुकलं तर उसवता येतं. कापड चुकीचं बेतलं तर ते वाया जातं. आणि शेवटाकडून आलेल्या मुलाने पुरा झालेला कपडा इतक्यांदा हाताळलेला असतो, की बेतताना काय साधायचं आहे ते त्याला माहीत असतं. १९९१ साली लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी यावरून मांडलं, की नवखा माणूस कामाच्या काठावर उभा राहून खरं काम करत करत आत सरकतो. काम लहान असू दे, पण खरं असावं.

‘खरं असावं’ ही अट मोलाची आहे. चहा आणणं हे काठावरचं काम नव्हे, कारण त्यातून आत जाणारी वाट नाही. जिनिंगमध्ये नव्या मुलाला आधी बंद मशीनची सफाई द्यावी, कारण तेव्हाच रोलर आणि पाते जवळून दिसतात. मग मशीन चालू असताना जुन्या फिटरजवळ उभं करून आवाजातला फरक ओळखायला लावावं. रोलर आणि पात्याची जुळणी त्याच्या हाती सगळ्यांत शेवटी जावी, कारण तिथली चूक सरकी फोडते आणि रुईची प्रत घालवते. चुकीची किंमत जिथे कमी तिथे मोकळं सोडायचं, जिथे जास्त तिथे शेजारी उभं राहायचं, आणि ही रेघ दर महिन्याला थोडी पुढे सरकवायची. मार्गदर्शकाच्या निवाड्याची खरी कसोटी इथे लागते. रेघ फार मागे राहिली तर मुलगा कंटाळून जातो, फार पुढे गेली तर हात भाजून घेतो.

खोडलेला मसुदा

चूक दाखवण्याचं काम सगळ्यांत नाजूक. १९९६ साली अवराहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी कामाबद्दल अभिप्राय देण्यावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा झाला होता, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम बिघडलं होतं. लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं, ‘मी कसा आहे’ या काळजीत माणूस अडकला, की त्याचा हात चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘तुला काही येत नाही’ आणि ‘तू फार हुशार आहेस’ ही दोन्ही वाक्यं म्हणूनच सारखीच निरुपयोगी. दोन्हींत कामाबद्दल काहीच नाही.

कामावर नजर ठेवून केलेल्या कठोर तालमीचं मराठीतलं मोठं उदाहरण पुण्याचं आहे. १८८७ च्या सुमारास विशीतले गोपाळ कृष्ण गोखले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या संपर्कात आले. सार्वजनिक सभेचं इंग्रजी त्रैमासिक गोखल्यांच्या हाती आलं आणि पुढची चौदा वर्षं, रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, ही शिकवणी चालली. रानडे गोखल्यांना सरकारी अहवाल, अंदाजपत्रकं, शेतसाऱ्याचे आकडे वाचायला लावत, सरकारकडे पाठवायच्या निवेदनांचे मसुदे लिहायला सांगत आणि ते तपासून दुरुस्त करत. दुसरी मदत होती गणेश व्यंकटेश जोशी यांची. व्यवसायाने शिक्षक असलेल्या जोश्यांचा सरकारी आकडेवारीवर असाधारण हात होता. एकाकडून विचाराची शिस्त, दुसऱ्याकडून आकड्याची. एका माणसाला एकच गुरू पुरतो असं नाही, हेही यातून दिसतं.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे लंडनमध्ये साक्ष द्यायला गोखले गेले ते डेक्कन सभेच्या वतीने. ही सभा आदल्याच वर्षी रानड्यांच्या पुढाकाराने निघाली होती. साक्षीच्या तयारीत रानडे आणि जोशी दोघांची मदत होती. गोखल्यांचं वय तेव्हा ३०. मार्गदर्शन फक्त खोलीत बसून शिकवण्याने पुरं होत नाही. आपल्या वजनाने दार उघडून द्यावं लागतं आणि तिथे त्याला स्वतःच्या तोंडाने बोलू द्यावं लागतं. तेल्हाऱ्यात याचं रूप लहान असेल. तालुक्याच्या आढावा बैठकीत आकडे मुख्याध्यापकांऐवजी नव्या शिक्षिकेने मांडणं, किंवा वरच्या अधिकाऱ्यापुढे ‘हे काम हिने केलं’ असं नाव घेऊन सांगणं. परिणाम मात्र तोच.

ठरलेल्या दिवशीची भेट

आस्था असून चालत नाही, ती नेमाने पोचावी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी जाऊन नवजात बाळ तपासणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली निष्कर्ष आले: नवजात बालमृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरलं होतं. इंजेक्शन देणाऱ्या बाईच्या मागे एक व्यवस्था उभी होती. डॉक्टर दर पंधरवड्याला गावात येऊन तिच्या नोंदी तपासत, चूक असेल तिथे दुरुस्त करत आणि पुढचं शिकवत. बाईला ठाऊक असे की आपण एकटी नाही, आणि हेही ठाऊक असे की आपली नोंद कुणीतरी वाचणार आहे.

२०११ पासून नवजात बाळाची घरोघरी काळजी देशभर आशांकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाने बाळाच्या ४२ दिवसांत सहा भेटी द्यायच्या असतात. तेल्हाऱ्याच्या गावांत फिरणाऱ्या आशांना धीर देणारी आणि काम पाहणारी माणसं म्हणजे गटप्रवर्तक ताई. पहिल्यांदाच बाळाचं वजन घेणाऱ्या आशासोबत त्या बाळंतिणीच्या घरी गेल्या, काटा कसा धरायचा ते दाखवलं, आणि दुसऱ्या घरी आशाला पुढे करून स्वतः मागे बसल्या, तर दोन घरांत तिची भीती मोडते. त्यांचा दिवस रजिस्टरांतले आकडे जुळवण्यात आणि वर पाठवण्यात गेला, तर मार्गदर्शन कागदावर राहतं. म्हणून चांगला मार्गदर्शक घडवायचा तर आधी त्याच्या डोक्यावरचं दुसरं ओझं मोजावं लागतं. जर्मनीत १९६९ च्या व्यवसाय शिक्षण कायद्याने कारखान्यात उमेदवार शिकवणाऱ्याला कामाबरोबर शिकवण्याचीही पात्रता असावी लागते आणि ती बहुतेक वेळा परीक्षा देऊन सिद्ध करावी लागते. भारतात शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. तेल्हाऱ्याच्या आयटीआयमधून बाहेर पडलेली मुलं उमेदवारीला जातात, तिथे त्यांना कोण शिकवणार आणि त्या माणसाला त्यासाठी दिवसातला किती वेळ मोकळा मिळणार, हा प्रश्न नेमणुकीच्या दिवशीच विचारायला हवा.

लहान गावातली गुपितं

मोठ्या शहरात मार्गदर्शक आणि शिकणारा संध्याकाळी वेगवेगळ्या लोकलने घरी जातात. तेल्हाऱ्यात त्यांची आडनावं, सासर-माहेर, वावराचे बांध एकमेकांना ठाऊक असतात. नव्या मुलाने दुपारी कबूल केलेली चूक संध्याकाळी बस स्टँडवर चर्चेला आली, तर तो पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९९ साली एका कारखान्यातल्या गटांचा अभ्यास मांडला. चूक बोलून दाखवली तर आपला पाणउतारा होणार नाही, असा विश्वास ज्या गटांत होता, ते गट अधिक शिकत होते आणि त्यांचं काम सरस होतं. लहान गावात हा विश्वास मिळवायला जास्त वेळ लागतो आणि मोडायला एक वाक्य पुरतं. मार्गदर्शकाच्या पोटात गोष्ट राहते की नाही, हे लोक त्याच्या हुद्द्यापेक्षा आधी पाहतात.

त्याच जवळिकीमुळे बायांची अडचण वाढते. नव्या शिक्षिकेने किंवा लिपिक ताईने वरिष्ठ पुरुषाशी कामाबद्दल वारंवार बोललं की गावात कुजबुज होते, आणि त्या भीतीने कित्येक चांगले वरिष्ठ तिला शिकवायचंच टाळतात. नुकसान तिचं होतं. भेटीचा दिवस आणि वेळ सगळ्यांना माहीत असणं, बसणं उघड्या दालनात असणं, शिकणाऱ्या दोघी-तिघींना एकत्र बसवणं, हे साधे उपाय आहेत. ते करण्याची जबाबदारी वरिष्ठाची. त्याने काळजीपोटी हात आखडता घेणं हा उपाय नव्हे.

जवळिकीचा फायदाही मोठा आहे. इथे शिकवणं दोन्ही बाजूंनी होऊ शकतं. १९९९ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी ५०० वरिष्ठ अधिकाऱ्यांना तरुण कर्मचाऱ्यांकडून इंटरनेट शिकायला लावलं होतं, ती बातमी झाली. २०२१ साली ई-पीक पाहणीचं ॲप आलं आणि गट नंबर टाकून वावरातून पिकाचा फोटो चढवायची वेळ आली, तेव्हा गावोगावी मुलांनी बापांना हात धरून शिकवलं, तशी त्याची बातमी झाली नाही. ज्येष्ठाने ‘पोरा, हे मला दाखव’ असं सगळ्यांसमोर म्हटलं, की न येणं ही शरमेची गोष्ट नाही, हा धडा नवख्याला न सांगता मिळतो.

बाजूला होण्याची वेळ

क्रॅम यांनी या नात्याचे चार टप्पे सांगितले: सुरुवात, वाढ, वेगळं होणं आणि नव्या पायावर पुन्हा जुळणं. तिसरा टप्पा दुखरा असतो. शिकलेला माणूस स्वतःच्या मताने वागू लागतो, कधी गुरूच्या विरुद्धही जातो. जो मार्गदर्शक याला बेइमानी समजतो, त्याला आयुष्यभर मदतनीस मिळतात, जाणकार सहकारी मिळत नाही. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकार ज्या शिलकेचा अभिमान मिरवत होतं, ती गरीब रयतेवर जास्तीचा कर लादून आलेली आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं. मसुदा तपासायला आता रानडे नव्हते. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज काढला आणि नव्या सभासदाला पाच वर्षं शिकवायचा नेम घातला. मिळालेली तालीम त्यांनी संस्थेच्या रूपाने पुढे दिली.

सरकारी नोकरीत वेगळं होण्याची तारीख बरेचदा आधीच ठरलेली असते. राज्याच्या २००५ च्या बदली कायद्याने एका जागी साधारण तीन वर्षांची मुदत धरली आहे, आणि तेल्हाऱ्यासारख्या टोकाच्या तालुक्यात अधिकारी येतात-जातात. जाणाऱ्याबरोबर त्याचं सगळं ज्ञान गेलं, तर गाव पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. म्हणून इथल्या मार्गदर्शकाने पहिल्या दिवसापासून बदलीच्या दिवसाचा विचार करायला हवा. पहिल्या महिन्यात नवख्याला सोबत नेऊन आपला विचार बोलून दाखवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्याला आधी बोलू द्यायचं आणि मग आपण दुरुस्त करायचं. चौथ्यापासून एक लहानसा विषय पुरता त्याच्या नावावर करायचा, मग तो शालेय पोषण आहाराचा हिशोब असो, एका गावाची लसीकरण यादी असो किंवा एका मशीनची देखभाल. दर आठवड्याला अर्धा तास ठरलेल्या वेळी बसून तोच विषय पाहायचा. मुदत संपताना त्या तरुणाला विचारावं, की या काळात कोणता निर्णय तू स्वतः घेतलास आणि तो का घेतलास. त्याला सांगता आलं नाही, तर पुढच्या तुकडीला शिकवायला त्याच वरिष्ठाला नेमण्याआधी त्याच्याशी बसून बोलावं, आणि त्याच्या टेबलावरची बाकीची कामं कोण उचलणार हेही त्याच बैठकीत ठरवावं.